एक जूनच्या मुली

मनोरच्या पुढे एका आश्रमशाळेत आम्ही मुलींच्या वाढीची पाहणी करत होतो. उंची, वजन मोजायचं, पाळी सुरू झाली का ते विचारायचं आणि शाळेच्या रजिस्टरातून जन्मतारीख उतरवायची, हे माझं काम. रजिस्टर उघडलं तर निम्म्याहून जास्त मुली एक जूनला जन्मलेल्या!

ही तारीख कशी पडते हे मला कुणी सांगायला नको. माझीही तशीच पडली आहे. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला, की पोर सहा वर्षांचं झालं म्हणायचं आणि एक जून ठोकून द्यायचा. हे ठाऊक असून मी निमूटपणे तारखा उतरवल्या.

एका मुलीला पाळी आली नव्हती. कागदावर तिला पंधरा पूर्ण झालेली. पाहणीच्या साहेबांनी चिठ्ठी लिहिली, 'वाढ उशिरा, तपासणी करावी.' रांगेसमोर ती वाचून दाखवली मी. मुली हसल्या. दिवाळीच्या सुटीला गेलेली ती मुलगी शाळेत परतलीच नाही.

मी तिच्या पाड्यावर गेले. आई खळ्यात भात झोडत होती.

"पंधराची कुठची, बाई? चारची असताना शाळेत घातली. आमाला वीटभट्टीवर जायचं व्हतं. हात लांब, लागला कानाला. आता चौदावं चालू हाय. नि बाया बोलतात, पोरीत खोट हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "दाखल्यावरचंच वय धरायचं. नाहीतर आकडेवारी बिघडते." म्हणजे आकडेवारी बिघडू नये म्हणून धडधाकट पोरगी बिघडलेली ठरवायची! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी चहा मागवला.

पुढच्या रविवारी पुन्हा पाड्यावर गेले. मुलगी आतल्या खोलीत होती. तिच्याजवळ बसून हळू आवाजात सांगितलं, तुझी वाढ अगदी वेळेवर आहे, चूक आमच्या कागदाची आहे.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"ताई, शाळेत तुमी सगळ्यांसमोर बोललात. आता हळूच काय सांगता?"