औशातली मोटारबोट

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं चारचौघांत बोलताना तोंडाला जरा झाकण ठेवावं. मी ठेवलं नाही अन् सगळ्या गावाला कामाला लावलं. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, पुढं चहा नाकात जाईल.

मी औशाचा. पाटबंधारे खात्यात कारकून होतो. जन्मभर पाण्याचे कागद लिहिले अन् घरच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही! तर खात्याची एक जुनी मोटारबोट होती. सागवानी, पितळी स्टेरिंगची. साहेब लोक तिच्यातनं धरण बघत फिरायचे. मी नवा लागलो तेव्हा एका साहेबानं मला घडीभर ते स्टेरिंग धरू दिलं होतं. तुम्हाला खोटं वाटंल, पण लग्नातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. (हे आमच्या घरी बोलू नका.) पुढं ती भंगारात निघाली, लिलाव झाला अन् मीच घेतली.

तेव्हापासून ती आमच्या अंगणात लिंबाखाली पडून. आत कोंबड्या अंडी घालायच्या.

रिटायर झालो, फंडाचे पैसे आले. घराला-दाराला घालून थोडे उरले. मनात आलं, बोट नीट करून घ्यावी. पण आमच्या सुमनला पाहिजे होता स्वयंपाकाचा ओटा. तिचे गुडघे गेलेत. खाली बसून भाकरी थापायची म्हणजे उठताना चारदा "आई गं" करते.

"एकतर ओटा, न्हाईतर ती बोट," ती म्हणाली. "मी बिलोलीची हाय. नदी बघत वाढले. तिथं कुणी अंगणात बोट ठेवत न्हाई, अन् तुम्ही औशात ठेवलाव!"

बोलणं खरं होतं. म्हणून तर झोंबलं.

तरी विचारून बघावं म्हणून रशीदभाईच्या दुकानात गेलो. रशीदभाई म्हणजे आमच्याकडचा मोटारपंपाचा मिस्त्री. दुकानात चार टाळकी कायम बसलेली.

"साब, इंजन मैं कर देतूं," रशीदभाई म्हणाला. "लाकडाचं सुतार बघंल. पर चलायेंगे किधर? किल्ल्याच्या खंदकात?"

सगळे खो खो हसले. स्टँडवरचा चहावाला कप घेऊन आला होता, तोही दात काढून राहिला. माझं डोकंच फिरलं. मी ताठ झालो, आवाज जरा खाली आणला अन् म्हणालो, "पाणी येईल, रशीदभाई. आधी बोट तर होऊ द्या."

एकदम सगळे गप. मला वाटलं, काय दाबून उत्तर दिलं! ऐटीत घरी आलो.

पण अंगणातल्या कोंबड्या बघून ऐट उतरली. दोन दिवस विचार केला. गुडघे बायकोचे, हौस माझी. शेवटी मन घट्ट करून भंगारवाल्याला निरोप धाडला, सोमवारी ये म्हणून.

अन् रविवारी बिलोलीहून मेव्हण्याचा फोन! बालाजी नाव त्याचं.

"दाजी, काय माणूस हाव हो तुम्ही! आम्हालाबी सांगितलं न्हाई?"

"काय रे?"

"औशाला मोठ्ठं धरण होऊन राहिलंय म्हणं! इथं स्टँडवर तेच चालू हाय. आतल्या माणसाची बातमी हाय, पक्की!"

आता बघा, कुठं औसा अन् कुठं बिलोली. तिथपर्यंत पोचलेली बातमी खोटी कशी असंल? मला तर आधी रागच आला. जन्म घातला त्या खात्यात, अन् मला कुणी सांगू नये? लगेच जुन्या हापिसातल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "तसलं काही न्हाई हो."

झालं, माझी खात्रीच पटली! बातमी खोटी असती तर एवढं ठामपणे नाही म्हणला असता का? लपवायलाय लेकाचा!

सुमन फोन ऐकत उभीच होती. "बालाजी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "धरण झालं तर नळाला रोज पाणी येईल का हो?"

"रोज? दोन टाइम!"

"मग करा ती बोट," ती म्हणाली. " ओटा पुढं बघू." मला भरून आलं, खरंच सांगतो. भंगारवाला आला, त्याला चहा पाजून वाटंला लावलं.

बोट रशीदभाईनं खोलली, सुतार लागला. तिसऱ्या दिवशी दगडूतात्या पेढे घेऊन हजर. तात्याचं शेत आमच्या अंगणाला लागूनच.

"साहेब, पाणी कुठवर येईल वो?"

आता मला काय माहीत? पण आपण खात्यातला माणूस! मी बोटीवर चढलो, लांबवर बघितलं, हात फिरवला. "तात्या, तुमच्या विहिरीपर्यंत तर येणारच."

शेत बुडणार म्हणून माणूस रडंल की नाही? तात्या खूश! कारण त्याला कायदा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. धरणात गेलेल्या जमिनीच्या भरपाईत मोकळ्या रानाला एक भाव, फळझाडाच्या रानाला त्याहून मोठा. चार दिवसांत त्यानं सगळ्या रानात आंब्याची कलमं लावली. ते बघून शेजाऱ्यानं गोठा बांधायला घेतला. दुसऱ्यानं दगडावर विहीर खणायला काढली. सगळे येता-जाता मला रामराम घालायले. मीबी मान हलवायलो, जसं धरण माझ्याच खिशात हाय!

बोट झाली एकदाची. काय दिसायली म्हणता! इंजिन सुरू केलं तर शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. बालाजी बिलोलीहून खास आला, अंगणात ही गर्दी. पण गळती कशी बघायची?

"भाईर पानी न्हाई तो अंदर भरो," रशीदभाई म्हणाला. "थेंब भाईर आला तर समजो फट हाय."

नेमकं त्या दिवशी नळाला पाणी होतं. पाइप लावला, बोट काठोकाठ भरली. एक थेंब गळला नाही! टाळ्या पडल्या. मी पाइप हातात धरून नवरदेवासारखा उभा.

तेवढ्यात तात्यानं बालाजीला विचारलं, "पाव्हणं, तुम्हाला धरणाचं कुणी सांगितलं?"

"आमच्याकडच्या जीपवाल्यानं. त्याला हितल्या स्टँडवर चहावाल्यानं."

चहावाला तिथंच होता. "मी तर रशीदभाईच्या दुकानात ऐकलो."

"मेरे दुकान में?" रशीदभाईनं कपाळावर हात मारला. "अरे, वो तो साबच बोले ना! पाणी येईल, आधी बोट तर होऊ द्या!"

सगळं अंगण माझ्याकडं बघायलं. पाइपातनं पाणी माझ्या पायावर पडायलं, मला कळंना झालं. मी सुमनकडं बघितलं. ती आत गेली, अन् खाली बसताना "आई गं" म्हणलेलं बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी बोट रिकामी करायला गेलो तर सुमन आतनं ओरडली, "थेंब सांडू नका! पुढचं पाणी कधी येईल कुणाला ठाऊक!" तेव्हापासून आमची बोट पाण्यात नाही, पाणी बोटीत. वरून झाकायला जुनी सतरंजी.

आणि तात्या? दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "साहेब, तुमच्या शब्दावर कलमं लावली. आता जगवायचं तुम्ही बघा. माझ्या विहिरीत तर खडखडाट हाय."

म्हणालो होतो ना मी, तात्याच्या विहिरीपर्यंत पाणी येणारच? येतंय की! रोज सकाळी, दोन-दोन बादल्या. मीच नेऊन घालतो.