भर पावसात उन्हाळी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इगतपुरीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होते. नाशिकरोडहून रोज जाऊन-येऊन करायचे, आणि बोलायला मी पहिल्यापासून फटकळ. दर बुधवारी गरोदर बायकांना अंगणवाडीत जमवून बजावायचे: पाणी भरपूर प्या, लघवी रोखू नका, धुताना हात पुढून मागे न्या, नाहीतर जंतू आत शिरतात, ताप चढतो आणि बाळ दिवस भरायच्या आधीच येऊ शकतं. मग विचारायचे, लघवीला जळजळ कोणाला होते? सगळ्या माना हलवून नाही म्हणायच्या. मी रजिस्टरमध्ये ‘तक्रार नाही’ लिहून मोकळी.

भर पावसातले, भाताच्या आवणीचे, म्हणजे रोपं लावायचे दिवस होते. मलाही तेव्हा पाचवा महिना होता. माझं भाषण रंगात आलेलं असताना एका पहिलटकरणीनं विचारलं, “पन बाई, दिवसभर तुमी कुठं जाता?”

उपकेंद्राला संडास नव्हता. घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेत नसे, हे कबूल करावं लागलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेतात चहूकडे पुरुषमाणसं, त्यामुळे त्यांचंही तेच चाललेलं.

“मंग उन्हाळी लागनारच की,” पहिलटकरणीसोबत आलेली तिची सासू म्हणाली. “माझ्या सुनंला दोन दिस झाले, लागलीये.”

लघवीच्या जळजळीला माझी आई हाच शब्द वापरायची. नर्सिंगला गेले आणि तो साफ विसरले. या बायकांच्या लेखी जळजळ व्हायची ती छातीत. मी नव्यानं विचारलं, उन्हाळी कोणाला लागलीये? चार हात वर झाले. पाचवा माझा होता. आदल्या दिवसापासून मी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून अंगावर काढत होते. स्वतःची लाज वाटली, आणि पोटातल्या जिवाची काळजीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी एकाच जीपमधून इगतपुरीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लघवी तपासली, गोळ्या मिळाल्या. सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली.

पुढच्या बुधवारी पाहते तर अंगणवाडीमागे युरियाच्या गोण्या शिवून बायकांनी आडोसा उभा केलेला. पाचही बाळं पूर्ण दिवसांची झाली. पण तोवर दर बुधवारी ती पहिलटकरीण पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “आधी तुमी जाऊन या, मंग आमाला शिकवा.” मी निमूट जायचे.