बिलकाकांच्या गाडीचे दिवे

आता काय सांगू तुम्हाला! हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा गाढवपणा मी पूर्ण शुद्धीत असताना केलाय.

एटोबिकोला मी बिलकाकांच्या बेसमेंटमध्ये राहतो. म्हातारे एकटेच असतात, मी त्यांना काकाच म्हणतो. या देशात नवीन आलो तेव्हा क्रेडिट हिस्ट्री नाही, ओळख नाही, कुणी दारात उभं करेना. काकांनी खोली दिली, वर स्वतःचा विंटर कोटही दिला. देवमाणूस हो!

त्यांचा सगळा जीव गॅरेजमधल्या जुन्या अमेरिकन कन्व्हर्टिबलमध्ये. महायुद्धाआधीची गाडी! लांबलचक नाक, पुढे जाळी नाही, बाजूला पायरी नाही, सगळं कसं गुळगुळीत. आता शोधूनही सापडायची नाही. कायम चादरीखाली असते.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत काका लेकीकडे गेले आणि गॅरेजची किल्ली चक्क माझ्या हातात! "फक्त धूळ पूस," म्हणाले.

नेमका त्याच वीकेंडला दसरा. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, मग गाडीची पूजा कर की! दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लाव."

चादर काढली. वाकलो. परत वाकलो.

"आई, दिवेच नाहीत गं!"

"नीट बघ, डोळे फुटलेत का?"

"अगं, दोन्हीकडे नुसता पत्रा!"

"अगंबाई, चोरी! आता सगळं तुझ्यावर येणार बघ!"

झालं! ज्या माणसानं मला आसरा दिला, त्याची गाडी माझ्या ताब्यात असताना लुटली जावी? शेजाऱ्यांना विचारलं, झुडपांत शोधलं. जवळच वॉटर्लू गावात राहणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो म्हणतो, "दुसरे बसवून टाक." आणि मीही भंगारातून ट्रकचे दोन दिवे उचलून आणले! काय म्हणाल मला?

काका परतले. मी दारातच दिवे पुढे केले. "काका, सॉरी! तुमचे दिवे चोरीला गेले. हे ठेवा, पण मला घराबाहेर काढू नका."

काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं. मग गाडीत जाऊन बसले आणि डॅशबोर्डच्या दोन टोकांना असलेली छोटी हँडलं गरागरा फिरवली. मडगार्डमधून दोन दिवे हळूहळू वर आले! डिझाइनच तसं. काम नसलं की दिवे आत दडून बसतात.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पूजेची हकीकत ऐकून काका मात्र पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "लाव आता तुझं ते कुंकू." लावताना माझेच डोळे भरून आले हो.

किल्ली परत द्यायला लागलो, तर घेईनात.

"राहू दे तुझ्याकडेच."

"एवढा विश्वास, काका?"

"अरे, ज्याला गाडीचे दिवे सापडत नाहीत, तो ती चोरून नेणार कुठे?"