पंपाचा चौथा बोल्ट

लग्न झालं तेव्हा हे दौंडला रेल्वेत फिटर होते आणि मी वडगाव रासाईला सासऱ्यांपाशी. दौंडला क्वार्टर मिळालं नव्हतं; चौघंजण मिळून एका खोलीत राहायचे, तिथं बायकोला कुठं नेणार? सुट्टीच्या दिवशी हे केडगावला गाडीतून उतरायचे आणि पुढं सायकल दामटत घरी यायचे. एक दिवस राहिले की परत.

त्या एका दिवसातही घरात बोलणं होत नसे. सासरे ओसरीवर असायचे. बोलायची जागा एकच होती, नदीकाठचं आमचं डिझेल इंजिन. हे आले की त्याचं काहीतरी खोलून बसायचे आणि मी भाकरी घेऊन जायची. मला पान्याहातोड्यात काडीचा रस नव्हता. मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. पण हे बोलायचे ते बोल्टाबद्दलच.

"गंजलेला बोल्ट नुसता सोडायला जायचं न्हाई," हे सांगायचे. "आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा. हालला की परत आवळायचा. घाई केली की मोडतो."

मी हो हो म्हणायची आणि त्यांच्या मनगटाकडं बघत राहायची. रॉकेलचा आणि ग्रीसचा वास त्यांच्या हाताला कायमचा बसला होता.

मग चौऱ्याहत्तरचा रेल्वेचा संप आला. दौंडची माणसं पकडली जातायत, असं कानावर आलं. हे संपात होते. सुट्टीचा वार आला आणि गेला, सायकल काही आली नाही. एवढंच कळलं, की खोलीवर नाहीत, कुठंतरी लपून आहेत. सासरे माझ्यापुढं काही बोलत नसत. मी भाकऱ्या मात्र रोज तिघांच्या थापायची.

उन्हाळा ऐन भरात होता आणि त्यातच पंपानं पाणी उचलायचं सोडलं. नळीच्या जोडातून तो हवा घेत होता. जोड खोलून आतलं रबर बदलायचं, एवढंच काम. पण शिरूरचा मिस्त्री लग्नाला गावी गेलेला. सासऱ्यांनी पाना लावला, तीन बोल्ट निघाले. चौथा हलेना. जोर लावून लावून त्याचे कोपरे झिजले आणि पाना नुसताच गरागरा फिरायला लागला. ऊस माना टाकत होता.

सासऱ्यांनी घण आणला.

"मामा, थांबा," मी म्हणाले. त्यांच्यापुढं एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. "आत मोडला तर अख्खा पंप पुण्याला न्यावा लागंल. ह्यांनी सांगितलंय."

ते माझ्याकडं बघत राहिले. घण खाली ठेवला. "मग काय करायचं, पोरी? तू सांग."

गोणपाटात ह्यांची जुनी हत्यारं होती. मी तारेच्या ब्रशानं गंज खरवडला, बोल्टाच्या मुळाशी रॉकेल सोडलं, आणि हे मारायचे तशा छोट्या हातोडीनं डोक्यावर चहूबाजूंनी टिचक्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग कानस घेऊन झिजलेल्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट घासत बसले. हाताला फोड आले. लहान पाना त्यावर घट्ट बसला. सासऱ्यांनी पान्याच्या दांड्यात पाईप घातला.

"आता सोडू?"

"न्हाई मामा. आधी आवळा. जरासाच."

त्यांनी आवळलं. मग उलटं ओढलं. काही नाही. पुन्हा आवळलं, पुन्हा ओढलं. बोल्ट कर्र करून केसभर हलला. तो आवाज ऐकून मला एकदम रडू फुटलं. ह्यांच्याजवळ बसून किती वेळा ऐकला होता तो! सासऱ्यांनी पाईप सोडला नाही, फक्त मान वळवली.

"येईल तो," ते हळूच म्हणाले. ते बोल्टाबद्दल बोलत नव्हते.

दुपारपर्यंत बोल्ट निघाला. जुन्या ट्यूबचं रबर कापून घातलं, इंजिनाला हँडल मारलं, आणि पाटात पाणी पडलं.

संप मिटल्यावर हे आले, दाढी वाढलेले, निम्मे झालेले. संपामुळं कामावरून कमी केलं होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत सासऱ्यांनी बोल्टाची हकीकत त्यांना तीनदा सांगितली. हे माझ्या हातावरचे फोड बघत होते. "लई दुखलं का?" एवढंच विचारलं, तेही सासऱ्यांच्या देखत.

त्यानंतरचे महिने हे घरीच होते. सगळे काळजीत होते. भावकीतली माणसं येऊन समजूत घालायची, मीही तोंड पाडून बसायची. पण खरं सांगते, तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. सकाळी उठावं तर हे अंगणात तोंड धूत असायचे. संध्याकाळी पाणी धरून आले की चुलीपुढं बसायचे. सुट्टी संपायची भीती नव्हती.

मग कामावर परत घेतल्याचा निरोप आला. सासऱ्यांनी गावात पेढे वाटले. मी भाकऱ्या बांधून दिल्या, हसले, दारापर्यंत गेले. पुढं क्वार्टर मिळालं, दौंडला संसार झाला, मुलं झाली. तिथं हे पाळीवर जायचे, पाळीवरून येऊन झोपायचे, आणि मी पोरांना गप्प करत बसायची. आता हे नाहीत. त्यांची आठवण काढायला बसले, की दौंडची ती सगळी वर्षं बाजूला राहतात आणि मन त्या बिनकामाच्या महिन्यांतच जाऊन बसतं, नदीकाठी, त्यांच्या शेजारी.