कुसुमचा अर्धा ग्लास

आजवर कुणालाही सांगितलं नाही, ते लिहितो. नव्वदच्या दशकातल्या त्या शनिवारी घरी सांगितलं तसा मी पावणे गावच्या भजनाला गेलो नव्हतो. मी वाइन शोधायला बाहेर पडलो होतो. चांगली, स्वस्त, घरी बसून पिता येईल अशी. आणि ती माझ्यासाठी नव्हती.

कंपनीच्या पार्टीला साहेबांनी आम्हाला जोडीने बोलावलं होतं. ट्रे समोर आला तसा कुसुमने, माझ्या बायकोने, लाल वाइनचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले. ग्लास अर्धा झाला असेल-नसेल, मी तो तिच्या हातातून काढून ट्रेमध्ये ठेवला. "लोक बघतायत." माझे स्वतःचे तोवर दोन झाले होते. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "बरी होती हो."

ते तीन शब्द महिनाभर कुसळासारखे टोचत राहिले.

तर प्रस्थान नेरूळहून. खांद्याला पिशवी, पिशवीत टाळ. टाळ खरे, भजन खोटं.

पहिला मुक्काम वाशी. दुकानावर 'वाइन्स' अशी ठसठशीत पाटी, पुढे लोखंडी जाळी. जाळीला तोंड लावून मी पुटपुटलो, "वाइन आहे का?"

"काका, पाटी वाचली ना? बोला, क्वार्टर की खंबा?"

"नाही, द्राक्षाची."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग स्टुलावर चढून एक बाटली काढली आणि फुंकर मारली. सगळी धूळ माझ्या चष्म्यावर. किंमत ऐकून मी म्हणालो, "याहून स्वस्त?"

"बाजूला रसवंती आहे."

घाईने वळलो तर पिशवीतले टाळ वाजले. "माउली, बारी सोडा!" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खी रांग हसली.

दुसरा मुक्काम पावणे. म्हणजे मी अर्धंच खोटं बोललो होतो. तिथल्या वर्कशॉपमधला अंतोन मूळचा वसईचा. नाताळसाठी दरवर्षी बरणीत द्राक्षाची वाइन घालायचा. बाजार उठताना उरलेली द्राक्षं पाटीभर मिळतात, त्यांचीच. चहाच्या ग्लासात त्याने चव दाखवली. आधी आंबट, मग जिभेच्या कडांना तुरट, आणि गिळल्यावर मनुकांसारखी मागे रेंगाळणारी. पार्टीतल्या वाइनपेक्षा काकणभर सरसच.

"शेवटची बाटली हाय, सांभाळून ने," अंतोन म्हणाला. बाटली रमची, स्वच्छ धुतलेली, वर वर्तमानपत्र.

आता सोबत कोळंबी हवी. आमच्या दारावर मासळी आणणारी हिराबाई त्या दिवशी फिरकली नव्हती, म्हणून सारसोळ्याला तिचं घर शोधत गेलो. पाहतो तर दारात मांडव. मागे फिरणार, इतक्यात तिने पाहिलंच.

"आवं दादूस! लाजतस कनाला? माजे नातीची हलद हाय, ये!" तेवढ्यात कागद फाटून बाटलीचं तोंड बाहेर आलं. "अगो बाय, बाटली पन आनली! बघा गो, दिसतो भजनी, पन रीत कलते त्याला!"

हळदीला बाटली घेऊन येणं म्हणजे तिथे आहेर. बाटली थेट धवलारणीच्या (लग्नाची गाणी म्हणत विधी करणाऱ्या म्हातारीच्या) पुढ्यात गेली. तिने चार थेंब देवाला सोडले, चार पितरांना, आणि मग स्वतः घोट घेतला.

"गोर हाय गो!" (गोड आहे.)

मग बाटली म्हाताऱ्यांच्या रांगेतून सरकत गेली. प्रत्येक घोटाबरोबर कुसुमचा ग्लास रिकामा होताना मी पाहत होतो. पण उघडलेला आहेर परत कसा मागायचा? दोन्ही गालांना हळद फासून त्यांनी मला टाळ वाजवायला बसवलं. वाजवले.

निघताना हिराबाईने कोळंबी बांधून दिली. कुसुमने दार उघडलं, गाल पाहिले, पुडक्याचा वास घेतला.

"पावण्याच्या भजनात हळद लावतात?"

"लावतात कधी कधी."

"आणि प्रसादाला कोळंबी?"

मी हातपाय धुवायला गेलो.

सोमवारी हिराबाई दारावर बराच वेळ बोलत बसली. कुसुम बोंबील घेऊन आत आली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरी होती म्हणे हो."

ती बाटली कुणासाठी होती, हे तेव्हा ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. नेरूळ ते नेरूळ एवढाच तो प्रवास. जगभर फिरून आल्यासारखा दमलो, आणि कोळंबी सोडली तर रिकाम्या हातांनी परतलो.

कुसुमचा अर्धा ग्लास मी अजून देणं लागतो.