बकुळाचा सत्कार

बकुळाला सगळ्यात जास्त वैताग यायचा तो कौतुकाचा. शिव्या परवडल्या, म्हणायची. शिवी उलटून देता येते, कौतुकाला काय देणार?

दादरच्या कॉलेजात ती चार वर्षं कबड्डी खेळली. डावा कोपरा तिचा. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा हातात गावला की सुटायचा नाही. मग लग्न होऊन परळच्या चाळीत आली, दोन पोरं झाली. संप झाला, नवरा जगदीश गिरणीतून सुटला तो कॉटन ग्रीनच्या गोदामात गोणी उचलायला लागला. हिनं पालिकेच्या शाळेत नोकरी धरली. पण एवढ्या रगाड्यातही रोज सकाळी नळाला पाणी यायच्या आधी तासभर चाळीच्या मंडळाच्या पोरींबरोबर मैदानात उतरायची म्हणजे उतरायची.

चाळीला ते पचेना. जिन्यात कुणीतरी भेटायचंच.

"अजून उड्या मारतेस गं? आता पोरांना खेळव."

"पोरं खेळतात त्यांची ती. मी माझी खेळते."

संपाला तीन वर्षं उलटली, बकुळाला बत्तिसावं लागलं. त्या साली मंडळानं चाळीमागच्या मैदानात बायकांचे सामने ठेवले. मंडळाचे अध्यक्ष शामराव जिना चढून वर आले.

"वहिनी, उद्घाटनाला तुमचा सत्कार ठरलाय. जुन्या खेळाडू तुम्ही."

'जुन्या' तिला खुपलंच. पण सासू कमलाबाई उंबऱ्यात उभी. म्हातारीनं तिथूनच सगळा मजला उठवला, "माझ्या सुनंला शाल घालनार हायेत, बया!" तिचं ते तोंड बघून बकुळा हो म्हणून बसली. तिथंच फसली.

उद्घाटनाला शाल पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. शालीखाली बकुळा खेळायच्या कपड्यांतच होती, कारण पहिलाच सामना तिच्या संघाचा. शाल काढून घडी घालते तोवर शामराव पुढ्यात.

"वहिनी, कुठं? तुमची खुर्ची पाहुण्यांच्या रांगेत."

"सामना आहे ना माझा."

"सत्कार झालेला माणूस खेळत नाही, वहिनी. मंडळाची पद्धत आहे. यादीतून नाव काढलंय तुमचं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्या चाळीला माहितीये."

माहीत तिलाही होतं. चाळीतला दत्ताराम, एके काळी हरणासारखा पळणारा गडी, पस्तिसाव्या वर्षी त्याला शाल घातली आणि तेव्हापासून तो नुसते नारळ फोडत फिरतो. त्या सत्काराला हिनं स्वतः टाळ्या पिटल्या होत्या. पण ही तऱ्हा बाप्यांची, आपल्याला कशाला लागू होतेय, असं धरून चालली होती.

"घ्या मग ती शाल परत."

"असं कसं? सत्कार परत घेत नसतात."

तिनं जगदीशकडं बघितलं. तो खुर्च्या लावत होता. "बस ना आता. मान मिळतोय तर."

"तू बस," ती म्हणाली.

सामना शीव कोळीवाड्याशी. त्यांची एक पोरगी अंग मोकळं करतानाच पाय मुरगळून बसली, राहिल्या सहा. कप्तान गुणवंती डोकं धरून उभी. बकुळा सरळ तिच्यापुढं गेली.

"तुमच्या यादीत जागा आहे?"

गुणवंतीनं आधी हातातली शाल बघितली, मग पोटऱ्या. "हाय की. खेलतंस?"

"अहो वहिनी!" शामराव भोंग्यावरच ओरडले. "आपल्या चाळीची बाई त्यांच्याकडून?"

पंचानं यादी चाळली. "जागा रिकामी आहे. आणि नियमात चाळ कुठं लिहिलीय?"

पहिली चढाई चाळीच्या मालनची. हिनंच शिकवलेली पोर. ती रेषेवर अडखळली. "ताई, तुम्ही पलीकडं?"

"दम घे आणि ये. उभी काय राहिलीस?"

मालन आली. डाव्या कोपऱ्याला जायचं नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी पाय सवयीनं तिकडंच पडला. घोटा गावला. दोघी मातीत, बकुळाचं कोपर सोललं, शिट्टी वाजली.

खुर्च्यांमागनं कमलाबाईचा आवाज आला, "धर गं, सोडू नगं!"

"आजी, ती आपल्याविरुद्ध खेळतेय," शेजारचं कुणीतरी म्हणालं.

"मग काय धरायचं सोडील व्हय?"

कोळीवाडा चार गुणांनी हरलाच. चाळीच्या पोरी तयारीच्या होत्या, तयारी हिनंच करून घेतलेली.

माती झटकता झटकता गुणवंतीनं विचारलं, "रविवारी माटुंग्याला सामना हाय. येशील?"

"आधी यादीत नाव घाल," बकुळा म्हणाली. "आणि सत्कारबित्कार काढलात ना, तर याद राखा."