शिंपल्याच्या खाचांतली लाल माती

गेल्या रविवारी पाटोद्याच्या पुढे एका धनगरवस्तीवर गेले होते... तेव्हापासून धड झोप नाही. मी केजला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. देवभोळी वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं, की आमचे सर वारले आणि त्यांच्या कपाटातला एक जीवाश्म माझ्याकडे आला. स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचा समुद्री शिंपला, पार दगड झालेला. चपटा, रेघा ठसठशीत, आणि कडेला एक बारीकसा चावा... जिवंतपणी कुणीतरी घेतलेला, मग भरून आलेला.

महिनोन्‌महिने ताडून पाहिलं, कुठल्याच ज्ञात प्रजातीत बसेना. नवी प्रजाती! नाव द्यायचा मान माझा... वेडं व्हायचं तेवढं बाकी होतं.

पण सापडला कुठे, हे सांगितल्याशिवाय कोण छापणार? सर एकदा बोलता बोलता या वस्तीचं नाव घेऊन गेले होते, तेवढाच धागा. आता आपल्या बीडात जिकडेतिकडे लाव्हाचा काळा दगड, समुद्राचा शिंपला इथे टपकला कसा?

वस्तीवर जायच्या आधीच्या सोमवारी मी तो सुईने आणि ब्रशने साफ केला होता. खाचांत लाल माती घट्ट बसलेली. 'लोहयुक्त माती' असं लिहून बाटलीत भरून ठेवली, मोठ्या शहाणपणाने.

वस्तीवर बिरूमामा आणि सगुणामामी, मेंढरं राखणारं जोडपं. भर दुपार, वाऱ्याचा पत्ता नाही, वाड्यात मेंढरांचा नुसता गलका. माझ्या मोबाइलवरचा फोटो बघून मामी मला कडुलिंबाखालच्या देवाकडे घेऊन गेल्या.

देव पंख्याच्या आकाराचा... आणि फुगीर. काही स्कॅलपचा एक शिंपला चपटा असतो, दुसरा फुगीर; माझ्याकडचा चपटा.

शेजारी शेंदराची जाड खोळ पडली होती. वर्षानुवर्षं शेंदूर चढत गेला की देव एक दिवस आपणहून खोळ सोडतो, मग ती वाहत्या पाण्यात सोडायची, अशी रीत. देवाने ही कधी सोडली, मी विचारलं.

"सोमवारी. कावून हो बाई?"

त्याच सोमवारी मी सुई चालवली होती, कपाळ माझं! खोळीचा चुरा बोटाला लागला होता... आणि ती लाल भुकटी माझ्या चांगली ओळखीची होती.

मामी म्हणाल्या, "पैले दोन व्हते. मामंजींच्या आज्ज्यानं मेंढरामागं फिरताना नर्मदेकाठून आणले. एक साहेब बगून देतो म्हून घेऊन गेलते, आले न्हाईत. आमी अजून निवद दोन वाढतो... एक ह्याचा, एक गेलेल्याचा."

नर्मदेचं खोरं! तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र शिरला होता. हवं होतं ते उत्तर मिळालं, आणि नको होतं तेही... ते साहेब म्हणजे आमचे सरच.

पर्समधून शिंपला काढला, कापूस सोडला, आणि देवावर टेकवला. चाव्यावर चावा... डबीला झाकण बसावं तसा बसला.

त्याच क्षणी वाड्यातली मेंढरं गप्प झाली. सगळीच्या सगळी. मामांनी नुसते हात जोडले.

"आता परत नेनार का, बाई?" मामींनी हळूच विचारलं.

नमुना संग्रहालयात ठेवल्याशिवाय नाव देता येत नाही, हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं. तोंडातून "नाही" एवढंच निघालं.

मामींनी तेलात शेंदूर कालवला आणि दोघांवर मिळून एकच लेप चढवला. मधली फट बघता बघता बुजली. मग मेंढरं पुन्हा ओरडायला लागली... विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका.

येताना जीपमध्ये रडले, खोटं कशाला बोलू? माझी प्रजाती गेली. पण ज्याच्या वाटचा घास इतकी वर्षं रोज वाढला जात होता, त्याला कपाटात ठेवायला माझा हात धजला नाही. मामी, तुमचे उपकार, की मला एका शब्दानेही बोलला नाहीत.

टेबलावर ती बाटली अजून आहे. तिच्यावरचं 'लोहयुक्त माती' खोडलंय. उद्या मांजरा नदीवर जातेय... एका देवाची खोळ पाण्यात सोडायची राहिलीय.